क्लेम्परर संथ होता असं कोण म्हणतं?

मंद्रसप्तक

परवा इथल्याच एका चर्चेत ओटो क्लेम्परर या जर्मन ऑर्केस्ट्रा-कंडक्टरचा निकाल कुणीतरी पाच शब्दांत लावला : "भव्य आहे, पण झोप येते." उत्तर तिथेच लिहायला घेतलं, ते लांबत गेलं, म्हणून हा वेगळा धागा.

झोप ज्याची त्याची. माझी तक्रार वेगळी आहे. आपण क्लेम्परर ऐकतो तो बहुतेक वेळा लंडनच्या फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबरचा, १९५४ नंतर ईएमआय या रेकॉर्ड कंपनीसाठी ध्वनिमुद्रित झालेला. तेव्हा तो सत्तरीला टेकला होता. चेहऱ्याची उजवी बाजू लुळी, खुबा मोडलेला, खुर्चीत बसून कंडक्ट करायचा. अशा माणसाची लय बसकीच असणार असं धरून चालतो आणि मोकळे होतो. त्याच्या आधी पन्नास वर्षं हा गडी काय करत होता ते कुणी बघत नाही.

जन्म १८८५चा, ब्रेस्लाऊचा (आताचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ). वाढला हँबुर्गमध्ये, शिकला फ्रँकफुर्ट आणि बर्लिनला. तिथे हान्स फित्झनर हे त्याचे गुरू. १९०५मध्ये बर्लिनला ऑस्कर फ्रीड हा कंडक्टर संगीतकार माहलरची दुसरी सिंफनी करत होता. तिच्यात एक वाद्यमेळ रंगमंचामागे, दूर बसवलेला असतो. तो सांभाळायचं काम वीस वर्षांच्या क्लेम्पररकडे आलं. तालमीला खुद्द माहलर हजर. तालीम संपल्यावर पोरगा धावत गेला आणि कसं झालं म्हणून विचारलं. भयंकर, फारच मोठ्याने, असं उत्तर आलं. पोरगा गप्प बसेना. तुम्हीच तर तिथे दणदणीत वाजवा असं लिहिलंय, म्हणाला. माहलर म्हणाले, हो, पण खूप लांबून!

हा किस्सा क्लेम्पररने स्वतःच पुढे सांगितला आहे. मला तो आवडतो, कारण पुढची साठ-सत्तर वर्षं तो हेच करत राहिला. कागदावर काय लिहिलंय ते आधी, बाकीचं मग.

१९०७मध्ये तो व्हिएन्नाला गेला आणि याच सिंफनीचा स्केर्झो (मधला एक भाग) पियानोवर पाठ वाजवून दाखवला. माहलरनी आपल्या व्हिजिटिंग कार्डावर चार ओळींची शिफारस लिहून दिली. ते कार्ड त्याने जन्मभर जपलं. आपल्याकडे याला वशिला म्हणतात, पण वशिल्यासाठी एवढा रियाज कुणी करत नाही.

त्या कार्डावर प्रागच्या जर्मन थिएटरात नोकरी लागली. मग हँबुर्ग, बार्मेन, स्ट्रासबुर्ग, कलोन, वीसबाडेन. जर्मनीत प्रत्येक बऱ्यापैकी शहराला स्वतःचं ऑपेरागृह आणि पगारी ऑर्केस्ट्रा असतो. तिथला कंडक्टर अशा गावांमधून घासूनपुसून वर येतो. आज मोझार्ट, उद्या वाग्नर, परवा कुठलातरी हलकाफुलका ऑपेरेटा, आणि मध्ये आजारी गायिकेच्या जागी आलेल्या बाईंना दुपारी सांभाळून घ्यायचं. कलोनला तो १९१७ ते १९२४ होता. कोर्नगोल्डचा 'डी टोटे श्टाट' हा ऑपेरा १९२०मध्ये हँबुर्ग आणि कलोन इथे एकाच दिवशी पहिल्यांदा झाला, त्यातला कलोनचा प्रयोग याचा. यानाचेकचा 'कात्या काबानोवा' जर्मनीत पहिल्यांदा त्यानेच आणला. या काळातली त्याची ख्याती ऐकाल तर चकित व्हाल : तापट, घाईचा, अंगावर येणारा.

क्रोल ऑपेरा हा खरा विषय. तो पुढच्या प्रतिसादात लिहितो, चहा गार होतोय.

आळशी वाचक

पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. तो चाबकाचा किस्सा विसरलात की मुद्दाम गाळलात?

मंद्रसप्तक

मुद्दाम गाळला होता. पण आता काढलाच आहे तर : हँबुर्गला असताना गायिका एलिझाबेथ शूमानशी प्रेमप्रकरण झालं. ती विवाहित. १९१२मध्ये वाग्नरच्या 'लोहेनग्रिन' ऑपेराचा प्रयोग संपता संपता तिच्या नवऱ्याने ऑर्केस्ट्राच्या खड्ड्याशी येऊन याच्यावर घोड्याचा चाबूक ओढला. हँबुर्गचं अन्नपाणी तिथेच संपलं. याचा संगीताशी संबंध नाही, म्हणून गाळलं होतं.

आता क्रोल. १९२७मध्ये प्रशियाच्या सरकारने बर्लिनमध्ये राइशस्टागच्या समोरच्या क्रोल थिएटरात सरकारी ऑपेराची एक वेगळी शाखा उघडली आणि ती क्लेम्पररच्या हातात दिली. तिकिटांचा मोठा वाटा फोल्क्सब्यूनं या संघटनेच्या सभासदांसाठी. म्हणजे कामगार, कारकून, शिक्षक मंडळी. हिऱ्यांचे हार घालून मध्यंतरात मिरवणारा प्रेक्षक नव्हे. पहिला प्रयोग बेटहोव्हेनचा 'फिडेलियो', दिग्दर्शनही क्लेम्पररचंच, नेपथ्य एवाल्ड ड्यूलबर्गचं : ठोकळे, पायऱ्या, भिंती, बस्स.

मग चार वर्षं धुमाकूळ. स्ट्राविन्स्कीचा 'ईडिपस रेक्स', हिंडेमिथचा 'कार्डिलाक', शोनबर्गचा 'एर्वार्टुंग', यानाचेकचा 'मेलेल्यांच्या घरातून'. 'टेल्स ऑफ हॉफमन'च्या नेपथ्याला बाउहाउस या आधुनिक कलाशाळेचा मोहोली-नॉज, पोलादी नळ्यांच्या खुर्च्यांसकट. १९२९चा 'फ्लाइंग डचमन' तर वाग्नरभक्तांच्या जिव्हारी लागला. डचमनला दाढी नाही, खलाशी साध्या विणलेल्या जर्सीत, संगीत वाग्नरने नंतर केलेल्या डागडुजीच्या आधीचं, म्हणजे १८४३चं. उजव्या वर्तमानपत्रांनी आकाशपाताळ एक केलं.

आणि हे सगळं घडवून आणणारा माणूस संथ होता? १९२८चं ब्राम्सच्या पहिल्या सिंफनीचं ध्वनिमुद्रण आहे, बर्लिनच्या श्टाट्सकापेल या ऑर्केस्ट्राबरोबरचं. खरखर सहन करून ऐका. सुरुवातीचे टिंपनीचे ठोके कुणाच्या अंत्ययात्रेला निघालेले नाहीत.

जुलै १९३१मध्ये सरकारने क्रोल बंद केलं. कारण पैशाचं सांगितलं, खरं कारण हवेत होतंच. क्लेम्परर कोर्टात गेला आणि हरला.

स्प्रेकाठची

मी बर्लिनमध्येच असते म्हणून थोडी भर. क्रोल शोधायला गेलात तर गवत सापडेल. राइशस्टागच्या समोर ते मोठं हिरवं मैदान आहे ना, जिथे सगळे घुमटाकडे पाठ करून फोटो काढतात, तिथेच पलीकडच्या अंगाला ही इमारत होती. युद्धात पडझड झाली, उरलेली १९५१मध्ये पाडली. मी एका रविवारी नकाशाचा जुना फोटो मोबाईलवर उघडून उभी होते आणि अगदी त्या जागी एक कुटुंब पिकनिकची चटई अंथरत होतं.

मंद्रसप्तक यांनी न लिहिलेला भाग : फेब्रुवारी १९३३मध्ये राइशस्टागला आग लागली तेव्हा संसदेला बसायला जागा हवी होती. समोर क्रोल रिकामंच होतं. २३ मार्च १९३३ला हिटलरला सर्वाधिकार देणारा कायदा मंजूर झाला तो याच सभागृहात. ज्या रंगमंचावर सहा वर्षांपूर्वी 'फिडेलियो'तले कैदी अंधारकोठडीतून उजेडात आले, त्याच रंगमंचावर. मला हे कळलं तेव्हा मी तिथून थोडी बाजूला जाऊन बसले.

ठोकळेबाज

"झोप येते" लिहिणारा मीच. धागाच काढलात, आभारी आहे! :)

इतिहास मान्य. क्रोल थोर, काळ थोर. पण मी १९२८चा क्लेम्परर कशाला ऐकू? त्या ध्वनिमुद्रणात मला व्हायोलिन आणि पाऊस वेगळे कळत नाहीत. माझ्या हाताशी आहे तो लंडनचा. आणि १९६८ची माहलरची सातवी घ्या. इतर कंडक्टर जी ऐंशी मिनिटांच्या आसपास संपवतात ती हा माणूस शंभर मिनिटं घेऊन बसतो. वीस मिनिटं जास्त, साहेब. तेवढ्यात माझा कुकर होतो, वरण फोडणीला जातं.

मंद्रसप्तक

सातवीबद्दल भांडणार नाही. ती मलाही बसून ऐकायला दोन दिवस लागतात. पण तो त्याच्या आयुष्यातला शेवटचा टप्पा आहे, तो तेव्हा त्र्याऐंशीचा होता. एका सातवीवरून अख्खा माणूस तोलू नका. माहलरचीच दुसरी, त्याच फिलहार्मोनियाबरोबरची, १९६१-६२ची, एका सीडीवर मावते. पुष्कळांना तिच्यासाठी दोन लागतात. आणि १९५१मध्ये व्हिएन्नात व्हॉक्स कंपनीसाठी केलेली ध्वनिमुद्रणं ऐका, तिथे तर मागे कुत्रं लागल्यासारखं चाललंय. वय तेव्हा सहासष्ट.

खर्जातला

मला यात तक्रारीचं कारणच दिसत नाही. आपण अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित डोळे मिटून ऐकतो, मग क्लेम्पररलाच घड्याळ का लावायचं? संथ लयीत स्वराला बसायला जागा मिळते.

मंद्रसप्तक

खर्जातला, तुमच्याशी सहमत व्हायला आवडलं असतं. पण तुलना फसवी आहे. ख्यालात लय संथ केली की मधली जागा गायक भरतो. बढत करतो, मींड घेतो, दोन मात्रांमध्ये संसार थाटतो. इथे प्रत्येक वादकापुढे कागद आहे, त्यावरचे स्वर ठरलेले. लय निम्मी केली तरी मधे काही भरता येत नाही. मोकळ्या जागेचं करायचं काय, हा प्रश्न कंडक्टरपुढे उरतोच. बहुतेक जण ती भावनेने भरतात. व्हायोलिनं रडवायची, ओळीच्या शेवटी रेंगाळायचं. क्लेम्परर ते करत नाही. ओळ ताठ ठेवतो. त्यामुळे ती कोरडी वाटते आणि झोप येते, हे मला समजतं.

मग तो त्या जागेचं करतो काय? माझं उत्तर : ऐकू येऊ देतो. दोन गोष्टी बघा. एक, त्याच्याकडे लाकडी सुषिर वाद्यं म्हणजे ओबो, बासरी, क्लॅरिनेट, बासून ही तंतुवाद्यांच्या मागे लपत नाहीत. इतरांकडे गालिच्यासारखं पसरलेलं तंतुवाद्यांचं आवरण याच्याकडे खिडकीच्या जाळीसारखं आहे, पलीकडचं दिसतं. दोन, व्हायोलिनची बसण्याची जागा. त्या काळात पहिली आणि दुसरी व्हायोलिनं दोन्ही डावीकडे बसवायची पद्धत रूढ झाली होती. हा हट्टाने जुन्या पद्धतीवर राहिला : पहिली डावीकडे, दुसरी समोर उजवीकडे.

हेडफोन लावा आणि त्याची १९६७ची माहलरची नववी काढा. सुरुवातीला चेलो आणि हॉर्नचे अडखळते ठोके, हार्पचे चार-पाच सूर. मग धून येते. ती पहिल्या व्हायोलिनना नाही, दुसऱ्यांना दिलेली आहे. दोन सूर, खाली उतरणारे, उसासा सोडल्यासारखे. सगळी व्हायोलिनं डावीकडे असली तर तुम्हाला फक्त 'व्हायोलिन वाजलं' एवढंच कळतं. इथे धून उजव्या कानात येते. थोड्या वेळाने पहिली व्हायोलिनं येतात तेव्हा डावा कान जागा होतो. दोन माणसं खोलीच्या दोन टोकांना बसून बोलताहेत, असं.

ठोकळेबाज, हे तुम्हालाही.

पडदा उघडा

बुडापेस्टचं कुणीच काढलं नाही? १९४७ ते १९५० तो तिथल्या सरकारी ऑपेरात होता. सगळं हंगेरियनमध्ये गायचे, 'डॉन जोव्हानी'सुद्धा. १९४८च्या 'लोहेनग्रिन'च्या थेट ध्वनिमुद्रणात गंमत आहे. टेनर योझेफ शिमांदीचं शेवटचं मोठं गाणं संपतं, लोक टाळ्या थांबवेनात. क्लेम्परर चिडून थेट खड्ड्यातून उठून गेला. मग परत आला आणि प्रयोग पुरा केला.

आमच्या आजोबांनी संगीत नाटकांत एकेका पदाला तीन-तीन वन्समोअर पाहिलेले. हे ऐकवलं तर म्हणाले, "त्याला म्हणावं इथं आला असतास तर पहाटेपर्यंत घरी गेला नसतास."

आळशी वाचक

हा हा. आजोबांना नमस्कार सांगा.

कोरा कागद

मला एक खटकतं. कंडक्टर फुर्टव्हेंग्लर नाझी काळात जर्मनीत राहिला म्हणून आपण ऐंशी वर्षं त्याची चौकशी करतोय आणि क्लेम्परर देश सोडून गेला म्हणून त्याला आपोआप पुण्यवान ठरवतोय. तो ज्यू होता, त्याला जाण्याशिवाय पर्याय होता का?

स्प्रेकाठची

पर्याय नव्हताच, आणि पुण्यवान कुणी म्हटलंही नाही. तो १९१९मध्येच कॅथलिक झाला होता, नाझींना त्याचं सोयरसुतक नव्हतं. फेब्रुवारी १९३३मध्ये वाग्नरच्या पन्नासाव्या स्मृतिदिनाला त्याने बर्लिनला 'टानहॉयझर' केला, त्यावरून गदारोळ झाला, आणि एप्रिलमध्ये तो देशाबाहेर पडला. उतारवयात पुन्हा ज्यू धर्मात परतला, १९७०मध्ये इस्रायलचं नागरिकत्व घेतलं. झुरिकच्या ज्यू दफनभूमीत आहे. फुर्टव्हेंग्लरसाठी वेगळा धागा काढा, इथे नको. तो विषय सुरू झाला की धागा बंदच करावा लागतो, अनुभव आहे.

घाटावरचा

लॉस एंजेलिसचा उल्लेख यायला हवा. तिथल्या फिलहार्मोनिकचा तो १९३३ ते १९३९ संगीत संचालक. १९६२मध्ये तीच खुर्ची आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांकडे आली. मधे इतर होऊन गेले, पण त्या ऑर्केस्ट्राला बेटहोव्हेन-ब्राम्सची शिस्त लावणाऱ्यांत क्लेम्परर होता हे विसरू नये. त्याच शहरात शोनबर्ग राहायला आलेला, हा त्याच्याकडे शिकायला जायचा. पन्नाशीचा, नावाजलेला कंडक्टर वही घेऊन क्लासला! शोनबर्गने ब्राम्सचं जी मायनर पियानो क्वार्टेट मोठ्या ऑर्केस्ट्रासाठी लिहून काढलं, त्याचा पहिला प्रयोग १९३८मध्ये क्लेम्पररनेच तिथे केला.

टीव्हीवाली

अवांतर : 'होगन्स हीरोज' या अमेरिकी विनोदी टीव्ही मालिकेतला बावळट जर्मन अधिकारी कर्नल क्लिंक म्हणजे याचाच मुलगा, वेर्नर क्लेम्परर! एमी पुरस्कार दोनदा. भूमिका घेताना अट घातली होती म्हणे की क्लिंक कधीच जिंकता कामा नये.

मंद्रसप्तक

अवांतर नाही, घरचंच आहे. :)

लॉस एंजेलिसनंतरचं थोडक्यात. १९३९मध्ये मेंदूत गाठ निघाली, बॉस्टनला शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण चेहरा आणि जीभ यांवर उजव्या बाजूला कायमचा परिणाम राहिला. बोलणं अडखळू लागलं. त्यात उन्माद आणि औदासीन्य यांचे झटके, जे आधीपासून होतेच, ते वाढले. ऑर्केस्ट्राची नोकरी गेली. १९४१मध्ये तर एका आरोग्यभवनातून निघून गेला म्हणून पोलीस शोधत होते, न्यूयॉर्कच्या पेपरात बातमी. १९५१मध्ये मॉन्ट्रियलच्या विमानतळावर पडून खुबा मोडला. १९५८मध्ये पाईप पेटता ठेवून अंथरुणात झोपला, आग लागली ती विझवायला हाताला आली ती बाटली ओतली. बाटलीत कापराचं स्पिरिट होतं. महिनोन्‌महिने इस्पितळात.

बाराखडी

डॉक्टर म्हणून एक विनंती : हे सगळं वाचून "आजारातून प्रतिभा" असं काही कुणी लिहू नका. उन्मादाच्या काळात त्याने नोकऱ्या आणि नाती घालवली, तेव्हाचं काम बरं होतं असंही नाही. लंडनमधलं चांगलं काम झालं ते आजार असूनही झालं. आणि संथ लयीचं खापर खुब्यावर फोडायचं तर बसून हात हलवायला खुबा लागत नाही.

मंद्रसप्तक

शेवटचं वाक्य मी मूळ लेखात टाकायला हवं होतं.

लंडनबद्दल एकच गोष्ट सांगतो. फिलहार्मोनिया हा वॉल्टर लेग या ईएमआयच्या निर्मात्याने १९४५मध्ये उभा केलेला ऑर्केस्ट्रा. कंडक्टर कारायान बर्लिनला गेल्यावर लेगने क्लेम्पररवर सगळा भार टाकला, १९५९मध्ये तहहयात मुख्य कंडक्टर केलं. मार्च १९६४मध्ये लेगने अचानक जाहीर केलं, ऑर्केस्ट्रा बंद. वादक नोकरीवरून जाणार. वादकांनी ठरवलं, आपणच चालवू, नाव न्यू फिलहार्मोनिया. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा क्लेम्परर लेगच्या बाजूला न जाता यांच्या बाजूला उभा राहिला आणि त्यांचा मानद अध्यक्ष झाला. त्याच्या माहलरच्या 'दास लीड फोन डेर एर्ड'च्या वेष्टनावर दोन्ही नावं दिसतात, फिलहार्मोनिया आणि न्यू फिलहार्मोनिया. ध्वनिमुद्रण १९६४ला सुरू झालं, १९६६ला संपलं, मधे ऑर्केस्ट्राच बदलला. त्यात गाणारा फ्रिट्झ वुंडरलिख त्याच १९६६च्या सप्टेंबरात गेला, छत्तिसाव्या वाढदिवसाच्या थोडा आधी.

१९३१मध्ये बर्लिनने त्याची संस्था बंद केली तेव्हा त्याला कोर्टात एकट्याने जावं लागलं होतं. मला वाटतं तेवढं लक्षात होतं त्याच्या.

नवखी

मी यातलं काहीच ऐकलेलं नाही. सुरुवात कशाने करू? ऑपेरा झेपेल का?

मंद्रसप्तक

ऑपेरापासूनच करा. १९६२चा 'फिडेलियो' : क्रिस्टा लुडविग, जॉन व्हिकर्स, गॉटलोब फ्रिक. आदल्या वर्षी लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये त्याने हा ऑपेरा कंडक्टही केला होता आणि दिग्दर्शितही, क्रोलसारखाच. पहिल्या अंकाच्या शेवटी कैदी बाहेर येतात ते ऐका. ते एकदम गात नाहीत. आधी कुजबुज, मग एकेक आवाज. क्लेम्परर त्यांना घाई करत नाही, उजेडाला डोळे सरावायला वेळ देतो. मग ब्राम्सचा 'जर्मन रेक्विएम', तो १९६१चा. बाख शेवटी, 'मॅथ्यू पॅशन'ला सुट्टीचा दिवस लागतो.

ठोकळेबाज

चार दिवसांनी परत आलो. काल रात्री हेडफोन लावून नववी ऐकली. उजव्या कानाचं खरं आहे. मधे दोनदा मागे जाऊन सुरुवात परत लावली, बायकोने विचारलं बिघडलंय का काही. तो पहिला भाग सलग ऐकला आणि झोप आली नाही, हे इथे कबूल करतो.

मग उत्साहात सातवी लावली. कुकरच्या तिसऱ्या शिट्टीला बंद केली.

मंद्रसप्तक

तिसऱ्या शिट्टीपर्यंत पोचलात? माझ्या घरी दुसरीलाच होते.